पडद्यावरचा गुरू आणि कागलचे कारागीर

कागलनजीक पुणे-बंगळूर महामार्ग सोडून आत वळले की पंचतारांकित औद्योगिक वसाहतीचे रुंद रस्ते आणि पत्र्याची उंच छपरे दिसू लागतात. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेल्या या वसाहतीचा लौकिक ओतकाम, यंत्रभाग आणि कापड यांसाठी आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ज्या वसाहती उभारल्या, त्यांचे यशापयश मोजण्याच्या पट्ट्याही ठरलेल्या आहेत. किती भूखंड दिले, किती भांडवल गुंतले, किती हातांना काम मिळाले, हे त्या पट्ट्यांवर पाहिले जाते. यांपैकी कोणत्याही पट्टीवर न मोजला जाणारा एक व्यवसाय मात्र या सर्व व्यवसायांच्या पोटात वाढत आहे. तो म्हणजे चित्र तयार करण्याचा.

कारखान्यातून बाहेर पडणारी कोणतीही वस्तू आज चित्रावाचून बाहेर पडत नाही. खोक्यावर चिन्ह लागते, यंत्रावर नामपट्टी लागते, कापडावर नक्षी लागते, गिऱ्हाइकाकडे पाठवायला माहितीपत्रक लागते आणि भट्टीजवळ सावधगिरीचा फलक लागतो. हे काम एकेकाळी पेंटर, ब्लॉकमेकर आणि छापखान्यातील जुळारी यांच्यात वाटलेले होते. आता ते संगणकासमोर बसलेल्या एका तरुणाकडे आले आहे. त्याचा हुद्दा बहुधा 'ऑपरेटर' असा असतो, आणि त्याने ही विद्या कोठे मिळविली असे विचारले, तर उत्तरही बहुधा एकच येते: मोबाइलवर व्हिडिओ पाहून. रेखाचित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये छायाचित्र कसे बसवावे, त्याच्या कडा धूसर कशा कराव्यात, अक्षरांना सोनेरी चकाकी कशी आणावी, सावली कशी पाडावी, हे सारे दहा-बारा मिनिटांच्या चित्रफितींतून शिकता येते, आणि पाळी संपवून खोलीवर परतलेला तरुण ते शिकतो.

या प्रकाराकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ झाल्या आहेत. शिक्षित वर्गाला त्यात उथळपणा दिसतो, तर नव्या तंत्राच्या भक्तांना ज्ञानाची लोकशाही दिसते. दोन्ही मते घाईची आहेत. या प्रश्नात कागलसारख्या वसाहतीतील हजारो तरुणांच्या पोटापाण्याचा आणि कोल्हापूरच्या कलापरंपरेच्या पुढील आयुष्याचा संबंध गुंतलेला असल्याने त्याचा थोडा सावकाश विचार व्हावयास हवा.

तुच्छतेला आधार नाही

प्रथम उथळपणाच्या आक्षेपाविषयी. चित्रफीत पाहून रेखाचित्रणाचे सॉफ्टवेअर शिकणे ही मोबाइलच्या पिढीने काढलेली पळवाट नव्हे. अमेरिकेतील अडोबी कंपनीने १९८७ साली 'इलस्ट्रेटर' बाजारात आणले, तेव्हा त्याच्या खोक्यातच एक व्हिडिओ कॅसेट होती, आणि कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक हे स्वतः त्या कॅसेटमध्ये सॉफ्टवेअर कसे वापरावे ते दाखवीत होते. कागदावर पेन्सिल फिरविणाऱ्या माणसाला पडद्यावरची वक्ररेषा ओढण्याची नवी रीत छापील पुस्तकातून समजणार नाही, हात हलताना दिसला तरच समजेल, हे त्या निर्मात्यांनाच पटले होते. म्हणजे हे साधन आणि ही शिकवणी एकाच खोक्यातून जगात आली.

दुसरी गोष्ट अशी की, ज्यांच्यासाठी ही शिकवणी आहे त्यांना दुसरा मार्ग किती खुला होता, याचा हिशेब टीकाकार क्वचितच मांडतात. कलाशाळेचा पदविका अभ्यासक्रम दिवसा चालतो आणि वर्षानुवर्षे चालतो. खाजगी शिकवणीवर्गाची फी पगारातून निघत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डेस्कटॉप पब्लिशिंगचा अभ्यासक्रम असतो. परंतु कामावर लागलेल्या माणसाला वर्षभर बाकावर बसणे परवडत नाही. चित्रफीत मात्र रात्री अकराला चालू करता येते, थांबविता येते आणि दहा वेळा मागे नेता येते. एकच गोष्ट दहाव्यांदा विचारली म्हणून ती कपाळाला आठ्या घालीत नाही. गुरूच्या आठ्यांना भिऊन शाळा सोडलेल्या मुलाला या गुणाचे मोल विचारावे.

या माध्यमाचा गंभीरपणे उपयोग करण्याचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला आहे. मुंबईच्या आय. आय. टी.ने केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक राष्ट्रीय मोहिमेच्या साहाय्याने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा प्रकल्प उभा केला. प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या या प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअर शिकविणाऱ्या साधारण दहा मिनिटांच्या चित्रफिती तयार झाल्या आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे निवेदन झाले. पडद्यावरचे शब्द इंग्रजीच ठेवून आवाज तेवढा स्वभाषेत द्यावयाचा, ही त्यातील योजना विचारपूर्वक केलेली आहे; कारण कारखान्यातील संगणकावर आज्ञा इंग्रजीतच असणार आणि शिकणाऱ्याला त्या ओळखता आल्या पाहिजेत. 'इंकस्केप' या २००३ पासून विकसित होत आलेल्या आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची पाठमालाही तीत आहे. वक्ररेषा ओढण्यापासून छायाचित्राचे रेखाचित्रात रूपांतर करण्यापर्यंतचे, भेटपत्रापासून भित्तिपत्रकापर्यंतचे पाठ तीत आहेत. इतकेच नव्हे, तर कापडावरील नक्षीसाठी वारली चित्रे आणि कोयरी कशी रचावी, याचेही पाठ आहेत. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला. त्या गावापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या वसाहतीत कोयरीचा पाठ मराठीतून उपलब्ध असणे ही लहान गोष्ट नाही.

चित्र पडद्यावर राहत नाही

तेव्हा माध्यमाला दोष देण्यात अर्थ नाही. दोष आहे तो त्या माध्यमाच्या बाजारी वापरात, आणि तो दोष खरा आहे. लोकप्रिय चित्रफितींपैकी बहुसंख्य चित्रफिती कोणती कळ दाबावी ते सांगतात. ती का दाबावी आणि कधी दाबू नये, हे सांगत नाहीत. ज्याला चित्र फक्त पडद्यावर पाहावयाचे आहे त्याचे यावाचून फारसे अडणार नाही. कारखान्यातील चित्र मात्र पडद्यावर राहत नाही. ते पत्र्यात कापले जाते, कापडावर छापले जाते, धाग्याने भरले जाते किंवा खोक्यावर उमटते, आणि तेथे 'का' माहीत नसलेला माणूस हमखास फसतो.

यामागचे कारण तांत्रिक असले तरी अवघड नाही. संगणकावरचे चित्र दोन प्रकारचे असते. छायाचित्र हे रंगीत ठिपक्यांचे बनलेले असते. ते मोठे केले की ठिपके मोठे होतात आणि चित्र फाटते. रेखाचित्र हे गणिती वक्रांचे असते. ते शिक्क्याएवढे असो वा भिंतीएवढे, त्याची कड सारखीच स्वच्छ राहते. आता रेखाचित्रावर सावली, धूसरपणा, चकाकी असे चित्रपरिणाम चढविले की त्यांतील बहुतेक परिणाम शेवटी ठिपक्यांचेच होतात. पडद्यावर भेद दिसत नाही. पण तेच बोधचिन्ह लेसर यंत्रावर पत्रा कापण्यास पाठविले की यंत्राला सावली समजत नाही, कारण त्याला कापावयाची रेषा हवी असते आणि सावलीला रेषा नसते. स्क्रीन छपाईत हळूहळू विरळ होत जाणारा रंग बारीक ठिपक्यांत फोडावा लागतो, नाहीतर त्याचा एकसंध डाग पडतो. भरतकामाच्या यंत्रावर प्रत्येक छटेसाठी धागा बदलावा लागतो. पडद्यावर झळाळणारा हिरवा रंग छापखान्याच्या चार शाईंत मलूल होतो, कारण पडद्याचा प्रकाश आणि कागदावरची शाई यांचे गणित वेगळे आहे.

छायाचित्रावरून आपोआप रेखाचित्र करून देणारी सोय ही तर नवशिक्याला जादूच वाटते. अस्पष्ट छायाचित्र दिले की क्षणात रेषा मिळतात. पण त्या रेषांवर शेकडो अनावश्यक बिंदू असतात. कापणारे यंत्र प्रत्येक बिंदूला इमानाने मान देत जाते आणि कड करवतीसारखी होते. ज्याने वक्ररेषा हाताने ओढण्याचा कंटाळवाणा पाठ गिरविला आहे, त्याला वर्तुळ चार बिंदूंत उरकते हे ठाऊक असते. ज्याने तो पाठ टाळून थेट 'परिणामा'कडे उडी घेतली, त्याला कड खराब का झाली हेही कळत नाही. मराठी मजकुराची कथा आणखी वेगळी आहे. जुन्या पद्धतीच्या टंकांतील मजकूर दुसऱ्या संगणकावर बिघडतो, म्हणून अक्षरांच्या रेषा करून पाठविण्याची प्रथा पडली. एकदा रेषा झाल्या की अक्षर हे अक्षर राहत नाही, चित्र होते. मग ऱ्हस्वदीर्घाची चूक किंवा चुकीच्या जागी बसलेला रफार शेवटच्या क्षणी दिसला, तरी दुरुस्तीसाठी मूळ काम पुन्हा उघडावे लागते, आणि ते जपून ठेवलेले नसले तर चूक तशीच छापली जाते.

वस्तुतः कागलच्या वसाहतीला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडू नये. ओतशाळेतील पॅटर्नमेकर हे तत्त्व पिढ्यान्पिढ्या पाळीत आला आहे. बिडाचा रस थंड होताना सुमारे एक टक्का आकसतो, म्हणून तो लाकडी नमुना तेवढाच मोठा करतो. वाळूतून नमुना न मोडता निघावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार देतो. नमुना कसा दिसतो यापेक्षा त्यातून काय ओतले जाणार आहे, याकडे त्याचे लक्ष असते. पडद्यावर रेषा ओढणाऱ्या तरुणाला नेमकी हीच दृष्टी हवी आहे. गंमत अशी की, त्याच्या हातातील वक्ररेषेचा जन्मही कारखान्यातलाच आहे. मोटारीच्या पत्र्याची गोलाई गणिताने अचूक कशी सांगावी, या अडचणीतून फ्रान्समध्ये सित्रोएन कारखान्यात पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ च्या सुमारास आणि रेनॉ कारखान्यात पियेर बेझिए यांनी १९६० च्या दशकात ही रेषा सिद्ध केली. आज ती बेझिए यांच्या नावाने ओळखली जाते. मोटारींसाठी सुटे भाग ओतणाऱ्या जिल्ह्यात ही रेषा परकी म्हणता येणार नाही.

कोल्हापूरचा धडा

स्वतः पाहून शिकणे हे कोल्हापूरलाही नवे नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांना चित्रकलेची पदवी कोणी दिली नव्हती. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत त्यांनी आपला हात घडविला. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला आणि या दोघांना चलच्चित्राचा ध्यास लागला. १९१६ साली आनंदराव अकाली गेले. बाबूरावांनी ध्यास सोडला नाही आणि १९१८ साली कॅमेरा स्वतः घडवून उभा केला. १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. चित्रपटाची भित्तिपत्रके रंगविण्यातही बाबूराव अग्रेसर होते; १९२४ च्या 'कल्याण खजिना'चे भित्तिपत्रक भारतातील सर्वांत जुन्या उपलब्ध चित्रपट-भित्तिपत्रकांत गणले जाते. आज फ्लेक्सवर जे चित्र चढते, त्याचा पूर्वज तो आहे.

या इतिहासाचा दाखला 'शाळेवाचून अडत नाही' हे सिद्ध करण्यासाठी वारंवार दिला जातो. तो अपुरा आहे. बाबूराव केवळ पाहून थांबले नाहीत. यंत्राच्या अंतरंगात शिरून ते कसे चालते याचा त्यांनी शोध घेतला. अनुकरणाच्या पुढची ही पायरी आहे. दुसरे असे की, त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम हे लोक उस्तादाच्या नजरेखाली काम करीत तयार झाले, आणि त्यांनीच पुढे १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात'ची स्थापना केली. हात चालताना पाहणे हा शिक्षणाचा अर्धा भाग झाला. आपला हात चालताना जाणत्याने पाहणे आणि 'येथे चुकते आहे' असे सांगणे हा उरलेला अर्धा. चित्रफीत पहिला भाग उत्तम करते. दुसरा भाग तिला करताच येत नाही, कारण ती दाखविते, पाहत नाही.

या उणिवेचे फळ चौकाचौकांत दिसते. सावली तीच, सोनेरी उठाव तोच आणि मागचा प्रकाशझोतही तोच. वाढदिवसाचा फलक, शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका आणि पंपाच्या खोक्यावरचे चिन्ह ही तीनही एकाच घरातली भावंडे वाटतात. ज्या चित्रफितीला अधिक प्रेक्षक तिचा परिणाम अधिक ठिकाणी, हा त्याचा साधा हिशेब आहे. वास्तविक या परिसराजवळ स्वतःचा आकारसंग्रह केवढा आहे! हुपरीच्या चांदीकामातील नक्षी आहे, कापडाच्या काठांवरची वेलबुट्टी आहे, कोल्हापुरी चपलेची वेणी आहे. त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२५ साली मिलानमधील प्रादा कंपनीच्या प्रदर्शनात तिच्याशी मिळताजुळता जोड दिसला तेव्हा सारा महाराष्ट्र चवताळून उठला. तो संताप रास्तच होता. पण जो आकार आपला म्हणून जगाशी भांडावयाचे, तो आपल्याच कारखान्यांच्या खोक्यांवर आणि माहितीपत्रकांवर कितीसा दिसतो, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे.

करता येण्याजोगे

या सर्वांवर कारखानदारांचा एक व्यवहारी आक्षेप संभवतो. त्यांना कलावंत नको आहेत. सांगितलेले काम वेळेत करून देणारा माणूस हवा आहे, आणि तो चित्रफितीने तयार होतो आहे. या युक्तिवादाचे आयुष्य आता फार उरलेले नाही. २०२३ पासून 'इलस्ट्रेटर'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये चार शब्दांचे वर्णन दिले की रेखाचित्र आपोआप तयार होण्याची सोय आली आहे. कळ दाबणे एवढेच ज्याचे कौशल्य आहे, त्याची जागा कळ स्वतःच घेऊ लागली आहे. उद्या टिकेल तो त्या आपोआप आलेल्या चित्रात काय बिघडले आहे हे ओळखणारा: ही रेषा कापता येणार नाही, हा रंग छापता येणार नाही, हे अक्षर मराठीत असे लिहीत नाहीत, हे सांगणारा. चुकीच्या फाइलपायी वाया गेलेला पत्रा आणि परत आलेली खोकी यांचा खर्च कारखानदाराच्याच खात्यावर पडतो. तेव्हा 'का' शिकलेला माणूस ही त्याची चैन नसून गरज आहे.

त्यासाठी नवे विद्यापीठ नको किंवा कोटींची योजनाही नको. वसाहतीत संध्याकाळी उघडणारी एक सरावशाळा पुरे. तेथे आठ-दहा संगणक असावेत, त्यांवर फुकट मिळणारे मुक्त सॉफ्टवेअर असावे, म्हणजे परवाना नसलेल्या प्रतींवर चोरून शिकण्याची नामुष्की टळेल. शिकणाऱ्याने चित्रफीत घरी पाहावी आणि काम येथे आणावे. कोल्हापुरातील कलानिकेतन किंवा दळवीज यांसारख्या कलासंस्थांतील एखाद्या शिक्षकाने आठवड्यातून एकदा यावे. छापखान्यातील एखाद्या जुन्या कारागिराने आणि लेसर यंत्रावरच्या एखाद्या अनुभवी कामगारानेही यावे, आणि प्रत्येक चित्र प्रत्यक्ष कापून, छापून किंवा शिवून त्याच्या कर्त्याच्या हातात द्यावे. आपली चूक पत्र्यावर पाहिलेला माणूस ती पुन्हा करीत नाही. या सरावाची सांगड १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील उमेदवारीशी कशी घालता येईल, याचा विचार कारखानदारांच्या संघटनेने व प्रशिक्षण संस्थांनी मिळून करावा. आणि अशा शाळेतून निघालेल्या अनुभवावर मराठीत नव्या चित्रफिती तयार व्हाव्यात. नामपट्टी कशी आखावी, खोके कसे उलगडावे, देवनागरी मजकूर न बिघडता कसा पाठवावा, हे विषय जगातील कोणताही लोकप्रिय शिक्षक शिकविणार नाही. ते येथल्याच माणसांनी शिकवावे लागतील.

ज्या कागलच्या घाटगे घराण्यात शाहू महाराजांचा जन्म झाला, त्या कागलला हा विचार अपरिचित वाटू नये. महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले; पण त्याआधी १९०१ पासून त्यांनी वसतिगृहांना हात घातला होता. शाळेचे दार उघडले म्हणजे गरिबाचा मुलगा शिकतोच असे नाही. त्याला शहरात टेकायला जागा आणि पाठीवर हात लागतो, हे त्यांनी ओळखले होते. आज ज्ञानाचे दार प्रत्येकाच्या खिशात उघडले गेले आहे, म्हणून कर्तव्य संपले असे मानणे हे त्या परंपरेला शोभणारे नाही.

कागलचा तरुण शिकण्यात कमी पडलेला नाही. थकलेल्या डोळ्यांनी, लहानशा पडद्यावर, परक्या भाषेतील आज्ञा लक्षात ठेवीत तो रात्री आपली शाळा स्वतःच भरवितो आहे. त्या शाळेत गुरू आहे, पाठ आहे, विद्यार्थीही आहे. नाही तो फक्त त्याची वही तपासणारा. तो पुरविण्याइतकी ऐपत पाच ताऱ्यांच्या वसाहतीला नक्कीच आहे.